टिकलीला तेल

३ नोव्हेंबर, सोमवार

आमच्या उस्मानपुऱ्याच्या ज्येष्ठ नागरिक संघानं गेल्या वर्षी थोड्या खुर्च्या आणि एक वजनकाटा मागितला होता. आज पूलचं, म्हणजे बिलियर्डसारख्या खेळाचं, टेबल आलं. वॉर्डातल्या एका इच्छुक उमेदवारांच्या मेहुण्याचं जालना रोडवरचं पूल पार्लर बसलं, आणि त्या दुःखातून साहेबांच्या मनात वडीलधाऱ्यांविषयीचा आदर दाटून आला. टेबल उतरवायला टेम्पोवाला आणि त्याचा भाऊ. फोटोत मात्र कार्यकर्त्यांचं अख्खं मंडळ. टेबलाच्या बाजूला साहेबांचं नाव आणि खाली 'ज्येष्ठांच्या चरणी'. चरण कसले, आमच्याकडं आता गुडघे तेवढे उरलेत, तेही कुरकुरणारे.

आमचे अध्यक्ष बन्सीभाऊ डोंगरे. वैजापूरच्या मार्केट यार्डात त्यांची कांद्याची अडत होती. त्यांनी हिरव्या कापडावरून तळवा फिरवला, कोपऱ्यातल्या जाळीच्या खिशात हात घालून पाहिला आणि भाव ठरवल्यासारखा निकाल दिला, "माल चांगलाय. वापस द्यायचा नाय."

खेळ येणारे एकटे सांडूभाऊ पठाडे. वाळूजच्या एका कंपनीत जन्म गेला, बजाजनगरात घर, आता मुलाकडं इथं. कंपनीच्या क्लबात खेळून हात तयार झालेला. त्यांनी एक काठी उचलून तिचं टोक मला दाखवलं. टोकावर चामड्याची छोटी गोल टिकली चिकटवलेली असते. बॉलला लागते ती काठी नव्हे, ही टिकली.

"सगळा खेळ हिच्यावर हाय, सर," सांडूभाऊ म्हणाले. "हिला टिप म्हणत्यात. हिची लई निगा लागती."

"निगा म्हणजे नेमकं करायचं काय?"

"ते क्लबातला मानूस बघायचा. आपण निस्तं खेळायचं."

निगा! किती वर्षांनी कानावर पडला हा शब्द. पाठ्यपुस्तकातून गेला, घरातून गेला, आणि भेटला तो काठीच्या टोकावर. मी टिकलीवरून बोट फिरवलं. कोरडी, खरखरीत, तहानलेली. घरी आल्यावर सूनबाई सायली म्हणाली, "बाबा, हात धुवा, पानं घेतलीत." धुवावेसे वाटेनात.

६ नोव्हेंबर, गुरुवार

संघाची बैठक. टेबल कुणी कधी वापरायचं यावर एवढा गलका झाला की सहावीच्या वर्गाची आठवण यावी. शेवटी बन्सीभाऊ म्हणाले, "निकम सर, शाळेचं टाइमटेबल तुमीच करायचे ना? हेबी करून टाका."

जागेवरच केलं. संध्याकाळी पाच ते सात पुरुष, दुपारी एक ते तीन महिला. चार काठ्यांपैकी तीन सरळ काठ्या पुरुषांना. चौथीची मूठ चिरलेली आहे, तिला काळी टेप गुंडाळलीय. ती महिलांना, कारण त्यांचा हात हलका.

साळवेबाई उभ्या राहिल्या. विशाखा साळवे आणि मी एकाच शाळेत होतो, त्या विज्ञानाला, मी मराठीला. "सर, हॉलवर पत्रा आहे. दुपारी तापतो. जेवून आलेलं माणूस पेंगतं. आम्हाला एक दिवसाआड तरी संध्याकाळ द्या."

मला हसूच आलं. शाळेत दर जूनला त्या अगदी हेच म्हणायच्या! वेळापत्रक मीच करायचो. सकाळच्या ताज्या वेळा कवितेला, आणि विज्ञान जेवणाच्या सुट्टीनंतर. बाई म्हणायच्या, पोरं झोपतात. मी म्हणायचो, "बाई, विज्ञानाला झोप येत नसते." सगळी स्टाफरूम हसायची. काय दिवस होते ते! आजही मी तेच वाक्य म्हटलं, "बाई, खेळाला झोप येत नसते." बन्सीभाऊ खदखदून हसले. बाईही हसल्या असाव्यात. चष्मा पुसत होत्या, त्यामुळं नीट दिसलं नाही.

पुढचा ठराव माझ्याविषयी. काठ्यांची निगा राखायचं काम निकम सरांकडं. नजर अधू झाल्यामुळं मला खेळता येणार नाही, म्हणून असेल. असू दे. शाळा सुटल्यापासून माझ्यावर कुणी काही सोपवलेलं नाही. घरात भाजीसुद्धा आता मोबाइलवर मागवतात. मी हॉलची किल्ली खिशात घालून घरी आलो. वाटेत क्रांती चौकापर्यंत उगाच एक फेरी मारली. खिशात किल्ली वाजत होती.

९ नोव्हेंबर, रविवार

रात्रभर विचार केला, चामड्याची निगा म्हणजे काय? आणि पहाटे उत्तर समोर उभं राहिलं. आमची विहीर!

आमच्या मळ्यात चामड्याची मोट होती. बैल उताराला चालले की ती भरून वर यायची आणि थारोळ्यात पाणी ओतायची. तिचा आवाज अजून कानात आहे. उन्हाळ्यात विहीर आटली की मोट सुकून लाकडासारखी व्हायची. मग आमचे दादा लिंबाखाली बसायचे, वाटीत करडीचं तेल, हातात चिंधी. गालाला लावावं तसं लावायचे. म्हणायचे, "पुंडलिका, चामडं मेल्यावरबी पानी मागतं, पन द्यायचं तेल." ती मोट माझ्या आठवणीत कधी फाटली नाही.

सकाळी सहाला हॉल उघडला. पुरुषांच्या तीन टिकल्या, तीन थेंब. जुन्या धोतराच्या मऊ चिंधीनं मुरवलं. काय तकाकी आली! दिवाळीच्या पणतीसारख्या चमकायला लागल्या. खरखर गेली, गाल गुळगुळीत झाले. तिथंच भुजंगप्रयातात दोन ओळी सुचल्या:

निळे गंध भाळी तुला शोभताहे,
तुझ्या स्निग्ध ओठी जुने तेल वाहे.

गण तपासले, चोख आहेत. निळं गंध म्हणजे टिकलीला लावतात तो निळा खडू.

हे मी कुणाला सांगणार नाही. सेवेचा गवगवा केला की तिची समाजसेवा होते, आणि तिच्यासाठी बॅनर लागतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

खडूचा प्रश्न. सांडूभाऊ प्रत्येक फटक्याआधी टिकलीला खडू घासतात. ही उधळपट्टी आहे. मुख्याध्यापक आम्हाला खडू मोजून द्यायचे, आणि तुकडा नखाएवढा होईस्तोवर नवा मिळायचा नाही. त्यावर पिढ्या घडल्या. मी निळा खडू आता माझ्याकडंच ठेवतो. खेळ सुरू होताना प्रत्येक काठीला एकदा टिळा लावतो. पूजेत देवाला दर मिनिटाला गंध लावतात का?

सांडूभाऊ म्हणाले, "सर, खडू द्या की. त्याबिगर टिप बॉलला धरत नाय."

"लावलाय."

"त्यो मघा लावला व्हता."

"मघाचाच आहे अजून."

ते पुन्हा टेबलाकडं वळले. शिस्त लागायला वेळ लागतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल-परवा नळाला पाणी आलं, म्हणून संघात कुणी फिरकलं नाही. आमच्या शहरात पाणी येणं हा सण आहे. पिंप, हंडे, बादल्या, सगळं गोतावळ्यासारखं गोळा होतं.

आज टेबलावर मंडळी जमली, पण खेळ काही रंगेना. सांडूभाऊंनी नेम धरला, श्वास रोखला, आणि काठी बॉलवरून टच्च करून सटकली. पांढरा बॉल भलतीकडं गेला. पुन्हा तेच. बन्सीभाऊंचंही तेच.

"आरं, सांडू," बन्सीभाऊ म्हणाले, "कंपनीनं तुला पेन्शन खेळायची दिली का बसायची?"

"मह्या हाताला काय झालंय कळंना," सांडूभाऊ काठी डोळ्याजवळ धरून म्हणाले. "काठी सटकती. अशी कधी सटकली नाय."

"वय, सांडूभाऊ," मी म्हणालो.

फार वाईट वाटलं त्यांच्याविषयी. कधी काळचा तरबेज माणूस. मी मनाशी ठरवलं, त्यांच्या काठीला उद्यापासून दोन थेंब.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दोन थेंबांनीही त्यांचा हात सुधारेना. आज तर पाच फटक्यांत चारदा सटकली. सांडूभाऊंनी घरून तावीज बांधून आणलाय. बन्सीभाऊंचं म्हणणं, टेबलाला वास्तुदोष आहे, खिसे दक्षिणेला आलेत. टेबल फिरवायचा प्रयत्न झाला. दोघांच्या कमरा धरल्या, टेबल तसूभर हललं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नवीनच लफडं. हिरव्या कापडावर तेलाचे डाग सापडले. बारीक बारीक, सगळीकडं विखुरलेले. बन्सीभाऊंनी पंचनामा केला. वाकून पाहिलं, बोट घासलं, वास घेतला.

"तळलेलं हाय," ते म्हणाले. "बायकांचं काम. दुपारी भजे घेऊन बसत्यात."

आणि फलकावर सूचना लागली: महिला सभासदांनी टेबलाजवळ तळलेले पदार्थ आणू नयेत. अक्षर माझंच. शुद्धलेखन बिनचूक.

खरं म्हणजे संध्याकाळच्या वेळी कोपऱ्यावरच्या गाडीवरून भज्यांचा पुडा पुरुषमंडळीच आणतात. पण पुरुष रुमालाला हात पुसतात, असा समज आहे.

डाग कशाचे असावेत बरं? मीही विचार केला, पण काही सुचलं नाही. मग पत्र्यातून उन्हाचा एक कवडसा कापडावर पडला, त्यात ते डाग दवासारखे चमकले, आणि मन दुसरीकडंच गेलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी हॉलमध्ये रणकंदन. महिला विभागाच्या कडूबाई वाघ फलकापुढं उभ्या राहून बोलत होत्या. आवाज रस्त्यापर्यंत.

"आमी काय टेबलावर कढई ठिवली व्हय? भजे कोन खातं ते साऱ्या गल्लीला ठावं हाय! बन्सीभाऊच्या मिशीला इचारा!"

बन्सीभाऊ मिशी पुसत बाहेर गेले.

साळवेबाई मात्र शांत. त्यांनी डागाला बोट लावलं, मग स्टँडवरची एक काठी उचलली. टिकली उजेडात धरली. तिच्यावरून अंगठा फिरवला. मग नाकाजवळ नेली. आणि हळूच माझ्याकडं पाहिलं.

"सर, करडीचं?"

मला आनंदानं भरून आलं. एवढ्या मंडळींत तो वास एकट्या बाईंनी ओळखला! मी मान हलवली. मोटेची गोष्ट सांगितली, दादांची, लिंबाची, सगळी. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शाळेत त्या माझं बोलणं कधी इतकं ऐकून घेत नसत.

"रोज लावता?"

"रोज. पहाटे."

"आणि खडू?"

"दिवसातून एकदा. टिळा."

बाईंनी काठी जागेवर ठेवली. त्यांच्या ओठांचे कोपरे थरथरत होते. भावना अनावर झाली असावी.

"कुणाला बोललात हे?"

"छे. सेवा मुकी असावी."

"बरोबर आहे सर," बाई म्हणाल्या. "मुकीच असू द्या."

२४ नोव्हेंबर, सोमवार

बाईंनी बैठकीत अचानक आव्हान दिलं. महिला विरुद्ध पुरुष सामना व्हावा. तीन डावांत जो दोन जिंकेल, संध्याकाळ त्याची. हरणाऱ्यानं दुपारी एक ते तीन.

पुरुष इतके हसले की एकाचा दातांचा संच निसटला.

"बाई, तुमाला काठी धरता येती का?" बन्सीभाऊ म्हणाले.

"शिकतोय."

"आन् काठी कोनती घेनार?"

"आमच्या वाटणीची आहे ना, टेप लावलेली. तीच. तुम्ही तुमच्या तीन चांगल्या घ्या. आणि एक अट. आमच्या काठीला कुणी हात लावायचा नाही. तुमच्या काठ्या निकम सर सांभाळतील. त्यांच्याइतकं प्रेमानं कोण सांभाळणार?"

भर सभेत! माझे कान तापले. छत्तीस वर्षांत या बाईंनी माझ्याविषयी चार माणसांत एक चांगला शब्द काढला नव्हता. बन्सीभाऊंनी अट टेबलावर हात आपटून मंजूर केली. सांडूभाऊ तेवढे अंगठा बोटांवर चोळत होते.

आता सगळी संध्याकाळ माझ्या हातात आहे. पुरुष हरले तर कदाचित किल्लीही जाईल.

२ डिसेंबर, मंगळवार

राहवलं नाही म्हणून दुपारी दीडला हॉलमध्ये डोकावलो. जे पाहिलं ते असं.

साळवेबाईंनी काठी गुडघ्यांत धरली होती आणि तिच्या टिकलीवर पॉलिश पेपर घासत होत्या! खसाखस! सुताराकडं असतो तो कागद. चामड्याच्या गालावर ओरखडे! मग कडा बोटानं चाचपून बाहेर आलेली झालर ब्लेडनं तासली. वरचा घुमट एक रुपयाच्या नाण्याला लावून पाहिला, गोलाई जुळते का. तेलाचा थेंब नाही. पर्समधून स्वतःचा निळा खडू काढला आणि काजळ घालावं तसा हलक्या हातानं फिरवला. एक फटका मारला, पुन्हा खडू. दुसरा मारला, पुन्हा खडू.

"बाई," मी म्हणालो, "हे निर्दय आहे."

बाई थांबल्या. पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "सर, एक सांगा. फरशीवर तेल सांडलंय, आणि तुम्हाला त्यावरून चालायचंय. काय होईल?"

"मी जपून चालेन."

कडूबाई तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळल्या.

"हो सर," साळवेबाई म्हणाल्या. "तुम्ही जपूनच चालाल. मी विचारून पाहिलं, एवढंच."

विज्ञानवाल्यांचं असं असतं, मध्येच भलतं काहीतरी विचारतात. जाताना पाहिलं, बाईंनी काठी जुन्या साडीच्या लांब खोळीत घातली आणि घरी घेऊन गेल्या. भिंतीला टेकवूनसुद्धा ठेवत नाहीत, म्हणे वाकते. काठीवर जीव, आणि टिकलीवर वार. विसंगती!

९ डिसेंबर, मंगळवार

पुरुषांचा सराव वाईट. सांडूभाऊ पहिल्यापेक्षा खचलेत. आज मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, तुमी टिपला काही लावता का?"

"माया," मी म्हणालो.

"नाय, तसं नाय..."

"सांडूभाऊ, खेळाडूनं साधनाला दोष देऊ नये."

ते मान खाली घालून गेले. जरा कडक बोललो का? पण शिक्षकानं कधी कधी बोलावं लागतं. शिवाय साळवेबाईंचा शब्द होता, मुकीच असू द्या.

१३ डिसेंबर, शनिवार

उद्या सामना. साहेब प्रमुख पाहुणे म्हणून येणार, म्हणजे भाषण लांबणार.

थेंबांनी भागणार नाही असं वाटलं. स्वयंपाकघरातून करडीच्या तेलाची बाटलीच उचलली. सायलीनं दारात गाठलं.

"बाबा, महिन्याचं तेल पंधरा दिवसांत कसं संपतंय? अंगाला लावताय का?"

"ज्याला गरज आहे त्याला लावतो."

"डॉक्टरांना विचारलंय?"

तिला काय सांगणार. हॉलमध्ये जाऊन तीन वाट्या मांडल्या, तीन काठ्या उलट्या उभ्या केल्या आणि टिकल्या तेलात बुडवून आलो. रात्रभर पिऊ देत. उद्या मोट भरून येईल.

१४ डिसेंबर, रविवार

लिहू की नको, असं झालंय. क्रमानं लिहितो.

पहाटे टिकल्या बाहेर काढल्या. फुगून बोरासारख्या टचटचीत झाल्या होत्या. पुसल्या, टिळा लावला. निळा खडू तेलात मिसळून शाईसारखा झाला. मला दौत-टाकाचे दिवस आठवले.

हॉल खचाखच. साहेब पांढऱ्या कडक कुर्त्यात पुढच्या खुर्चीत, पुढ्यात पोह्यांची बशी. पुरुषांकडून सांडूभाऊ आणि बन्सीभाऊ. महिलांकडून साळवेबाई आणि कडूबाई. प्रत्येक बाजूनं पांढऱ्या बॉलनं मारून आपापले बॉल खिशात घालायचे आणि शेवटी काळा.

पहिल्या डावात सांडूभाऊंची काठी सारखी सटकत राहिली. बन्सीभाऊंचा बॉल तर हललाच नाही, काठी वरून निसटून पुढं गेली आणि ते टेबलावर आडवे झाले. कडूबाईंनी विचारलं, "भाऊ, झोप आली व्हय?" बाया टाळ्या पिटत होत्या. साळवेबाई वाकायच्या, खडू फिरवायच्या, मारायच्या. बॉलला लागलेला तो आवाज वेगळाच होता. स्वच्छ, नेमका, अंत्ययमकासारखा. डाव महिलांचा.

दुसऱ्यात सांडूभाऊंनी चमत्कार केला. काठी सटकत असतानाही, ती किती सटकते याचा अंदाज घेऊन, वाकडं धरून सरळ मारायला लागले. माणूस घामानं निथळला. डाव पुरुषांचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेल कामी आलं!

तिसरा डाव बरोबरीत. टेबलावर फक्त काळा आणि पांढरा. काळा खिशाच्या तोंडाशी. बारकं लेकरूही घालील इतका सोपा. सांडूभाऊंची पाळी. मनगटाला तावीज. त्यांनी मारलं.

टिकली सुटली. तेलानं खालचा गोंद सोडवला असावा असं लोक आता म्हणतात. ती काठीवरून उडाली, भिंगरीसारखी गिरकी घेतली आणि साहेबांच्या कुर्त्यावर, बरोबर खिशावर, पचकन बसली. तिथून ओघळून पोह्यांत पडली. काठीच्या भुंड्या टोकानं पांढरा बॉल जेमतेम वीतभर सरकला.

"हे काय आहे?" साहेब बशीत बघून म्हणाले.

"टिप हाय, साहेब," बन्सीभाऊ म्हणाले.

कडूबाईंनी पदर खोचला आणि पांढऱ्या बॉलनं काळा खिशात ढकलला. दार लोटावं इतक्या सहज.

बायांनी फुगडी धरली. साहेब भाषण न करताच गेले. आमच्या संघाच्या इतिहासात असं प्रथमच घडलं, आणि त्याचं दुःख कुणाला झालेलं दिसलं नाही.

मग सांडूभाऊंनी बशीतली टिकली उचलली, दाबली. तिच्यातून तेल निघालं. त्यांनी वास घेतला.

"करडी," ते हळू म्हणाले. "हिला करडीचा वास कामून येतोय?"

सगळे माझ्याकडं वळले. मुकी सेवा आता बोलती होणार, तेवढ्यात साळवेबाई पुढं झाल्या.

"भजी, सांडूभाऊ," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावरचा गाडीवाला करडीत तळतो. पुरुषांच्या वेळेत भजी येतात ना?"

बन्सीभाऊंचा हात मिशीकडं गेला आणि मध्येच थांबला.

त्यांनी मला वाचवलं. शत्रुपक्षात राहून!

१७ डिसेंबर, बुधवार

फलकावर नवीन सूचना: पुरुष सभासदांनी टेबलाजवळ तळलेले पदार्थ आणू नयेत. अक्षर पुन्हा माझंच.

नवं वेळापत्रक साळवेबाईंनी केलं. मी पाहायला मागितलं तर म्हणाल्या, "सोपं आहे, सर. दुपारी एक ते तीन पुरुष. जेवणानंतर. कवितेला झोप येत नाही ना?"

"कवितेला कधीच नाही, बाई!"

माझं वाक्य त्यांनी एवढी वर्षं जपून ठेवलं होतं. कोण जपतं असं, आजच्या काळात?

किल्लीचा विषय निघाला तेव्हा बन्सीभाऊ म्हणाले, सरांच्या निगेचा काही उपयोग झाला नाय, किल्ली परत घ्या. मी किल्ली मुठीत घट्ट धरली. पण बाईच उठल्या. "अजिबात नाही. सरांकडंच राहू द्या. महिला विभागाचा त्यांना पूर्ण पाठिंबा आहे." हात वर झाले, बायांचे सगळे. कडूबाईंनी तर दोन्ही केले.

२३ डिसेंबर, मंगळवार

दुपारी दोनला पुरुषांचा खेळ बघितला. बन्सीभाऊ खुर्चीत घोरत होते. सांडूभाऊ एकटे टेबलाभोवती फिरत होते, काठी न मारता.

पुरुषांनी परतीचा सामना मागितलाय, संक्रांतीला. बाई लगेच हो म्हणाल्या. सांडूभाऊ सिडकोतल्या एका पार्लरमध्ये जाऊन तिन्ही काठ्यांना नव्या टिकल्या बसवून आणणार आहेत. मी बाईंना म्हटलं, तुमची काठीही द्या माझ्याकडं, पक्षपात नको.

"नको सर," त्या म्हणाल्या. "आमच्या काठीला पॉलिश पेपरची सवय लागलीय, ती आता सुधारायची नाही. तुम्ही पुरुषांकडं बघा. नवं चामडं आहे त्यांचं. तहान जास्त असेल."

हे दादांच्या तोंडचं वाटावं असं वाक्य. विज्ञानाच्या बाईंच्या तोंडून!

१ जानेवारी, गुरुवार

सकाळी दारात साळवेबाई. सायलीनं आत बोलावलं, चहा टाकला. बाईंनी पिशवीतून एक मोठी बाटली काढून माझ्यापुढं ठेवली. करडीचं तेल. लाकडी घाण्याचं.

"नवीन वर्षाची भेट, सर. संक्रांतीपर्यंत पुरेल ना?"

मी बाटली दोन्ही हातांत धरली. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, सेल न घालता. त्यानंतर हीच भेट.

"जरा सढळ हातानं लावा," बाई म्हणाल्या.

"बाबा हे कशाला लावतात?" सायलीनं विचारलं.

"माया लावतात," बाई म्हणाल्या, आणि चहा न पिताच, रुमाल तोंडाशी धरून, घाईनं जिना उतरल्या. खालून हसण्याचा आवाज आल्यासारखा वाटला. कडूबाई खाली वाट बघत असाव्यात.

बाईंना कवितेचं मर्म कळायला निवृत्ती यावी लागली, एवढंच. कळलं हे महत्त्वाचं. झाकण उघडून वास घेतला. विहीर, लिंब, दादांची वाटी, सगळं खोलीभर झालं. सांडूभाऊंनी नव्या टिकल्या काल बसवून आणल्यात. कोऱ्या, खरखरीत, बिचाऱ्या. उद्या पहाटे पहिलं तेल.